मेट्सचा हंगाम आणि हरिपूरची पेवे

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे गेलो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत पंचेचाळीस वर्षे अडतीचा धंदा केलेल्या माणसाला तिकडे दिवस कसा घालवावा हा मोठाच प्रश्न असतो. सकाळी फेरफटका, दुपारी वाचन, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मुलगा कामावरून आला की घराची सारी सूत्रे दूरदर्शन संचाकडे जात. सात वाजून दहा मिनिटांनी बेसबॉलचा सामना सुरू होई. बारा वर्षांचा नातू आधीपासूनच निळी टोपी घालून बसलेला असे आणि पहिला प्रश्न नेहमी एकच असे, ‘आज कोण टाकतंय?’ उत्तर मनासारखे आले तर जेवण हसतखेळत होई. न आले तर सूनबाई मुकाट्याने वाढीत आणि आम्ही मुकाट्याने जेवीत असू.

त्या घराचा संघ म्हणजे न्यूयॉर्क मेट्स. १९६२ साली हा संघ जन्मला आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरला. पुढे १९६९ व १९८६ अशी दोन अजिंक्यपदे मिळाली. त्यानंतर आजतागायत एकही नाही. शहरात दुसरा, श्रीमंत व यशस्वी असा यँकीज संघ असताना माझ्या मुलाने हाच का निवडला, हे मला पहिले काही आठवडे उमगले नाही. तो २००६ च्या अखेरीस शिकायला गेला तेव्हा क्वीन्स भागात भाड्याच्या खोलीत राहत होता आणि जुने शे स्टेडियम तेथून जवळ होते, एवढेच त्याचे कारण. पहिल्याच पूर्ण हंगामात, म्हणजे २००७ मध्ये, शेवटचे १७ सामने उरले असताना मेट्सला सात सामन्यांची आघाडी होती. ती सगळी घालवून शेवटच्या दिवशी ते मार्लिन्सकडून हरले आणि बाहेर पडले. परमुलखात एकट्या राहणाऱ्या पोराने अशा संघाला जीव लावावा याचे मला नवल वाटले. ‘तेव्हाच का सोडला नाहीस?’ असे मी विचारलेही. त्यावर तो फक्त हसला.

खेळाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे क्रिकेट सर्वांना कळते, हा खेळ कळत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज आलटून पालटून येतात; बेसबॉलमध्ये एकच पिचर सामना सुरू करतो आणि जमेल तितके डाव तोच चेंडू टाकीत राहतो. एकदा त्याला काढले की त्या दिवशी तो परत येऊ शकत नाही. नऊ डावांपैकी सहा-सात डाव त्याने निभावले तर उरलेले काम मागे थांबलेले मदतनीस पिचर करतात. हंगाम १६२ सामन्यांचा आणि जवळजवळ रोजचा. चेंडू इतक्या वेगाने फेकावा लागतो की दंडाला चार-पाच दिवसांची विश्रांती हवीच. म्हणून प्रत्येक संघ पाच सलामीचे पिचर बाळगतो आणि ते पाळीने येतात. या पाचांपैकी दोन दुखावले की पाळी मोडते, मदतनीसांवर भार पडतो, ते थकतात, आणि मग जिंकत आलेले सामने आठव्या-नवव्या डावात हातचे जातात. गाड्या पाच असल्या आणि त्यांपैकी दोन गॅरेजमध्ये पडल्या की वाहतूकदाराचे काय होते, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी व्यापारी माणूस. खेळातील बारकावे नातवाकडून शिकलो. पण जमाखर्च मला कोणी शिकवावा लागला नाही, आणि मेट्सचा जमाखर्च ऐकताना माझी करमणूक व हळहळ दोन्ही झाली. जेकब डीग्रॉम नावाचा त्यांचा पिचर. २०१८ साली त्याने नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.७० धावा दिल्या. त्या वर्षीचा आणि पुढच्याही वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा सन्मान त्याला मिळाला. परंतु त्या २०१८ च्या हंगामात त्याच्या नावावर विजय किती? दहा. आणि पराभव नऊ! माल एक नंबरचा, पण स्वतःच्याच फलंदाजांनी धावा न केल्यामुळे भाव मिळाला नाही. पुढे त्याच्या दुखापती सुरू झाल्या आणि २०२२ च्या अखेरीस तो पाच वर्षांच्या १८ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला निघून गेला.

त्याच्या जागी मेट्सने काय केले? जस्टिन वर्लँडर यांना आणले. वय चाळिशीला टेकलेले. त्याच्या आदल्या वर्षी आणलेले मॅक्स शेर्झर हेही चाळिशीच्या उंबरठ्यावर. दोघेही आपल्या काळातील महान पिचर, यात शंका नाही. पण प्रत्येकाला वर्षाला ४ कोटी ३३ लाख डॉलरच्या घरात मोबदला! मालक स्टीव्ह कोहेन यांनी २०२० मध्ये सुमारे २४० कोटी डॉलरला संघ घेतला होता आणि हात सैल सोडून खर्च चालविला होता. २०२३ चा मेट्सचा पगारखर्च तोवरच्या साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वांत मोठा होता. निकाल? ७५ विजय, ८७ पराभव. हंगाम अर्ध्यावर असतानाच दोघाही दिग्गजांना दुसऱ्या संघांना देऊन टाकावे लागले, आणि त्यांच्या उरलेल्या पगाराचा मोठा वाटा मेट्सनेच भरावयाचा असे ठरले. तेजीत घेतलेला माल मंदीत विकायचा आणि वर भाडेही आपणच भरायचे, असा सौदा मी आमच्या पेठेत फक्त एकदा पाहिला आहे. तो करणाऱ्याची पेढी नंतर दिसली नाही. शेर्झर ज्या टेक्सास संघाकडे गेले, त्याच संघाने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळविले, हे सांगताना माझ्या मुलाचा स्वर असा काही होता की मी पुढचा प्रश्न गिळला.

याहूनही गमतीचे प्रकरण बॉबी बोनिला या खेळाडूचे. २००० साली संघाला तो नकोसा झाला. त्याचे ५९ लाख डॉलर देणे होते. ते तेव्हा चुकते न करता त्या वेळच्या मालकांनी आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले. परिणामी २०११ पासून २०३५ पर्यंत दरसाल १ जुलैला त्या निवृत्त गृहस्थाला जवळजवळ ११ लाख ९३ हजार डॉलर पोचते होतात. १ जुलैला मुलाच्या कार्यालयात या गोष्टीवरून थट्टा चालते म्हणे. मी कागद घेऊन आकडेमोड केली, ती तंतोतंत जुळली. नातू म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही हा करार केला असता का?’ मी म्हटले, ‘बोनिलाच्या बाजूने खात्रीने केला असता.’

असो. आम्ही गेलो त्या वर्षीचा हंगाम मात्र सोन्यासारखा सुरू झाला होता. ह्वान सोटो या फलंदाजाला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल करून आणलेले. परंतु खरी कमाल सलामीच्या पिचरांची होती. मोठ्या नावांवर पैसा न ओतता व्यवस्थापनाने मध्यम दरातील माणसे जमविली होती. त्यात जपानचा कोडाई सेंगा अग्रणी. त्याच्या एका चेंडूला तेथे ‘भुताचा काटा’ अशा अर्थाचे नाव आहे. फलंदाजासमोर येऊन चेंडू जणू नाहीसाच होतो. १२ जूनला त्याची सरासरी १.४७ होती आणि मेट्सचे ४५ विजय व २४ पराभव झाले होते. साऱ्या लीगमध्ये त्याहून चांगली कामगिरी कोणाची नव्हती.

पण त्याच दिवशी सेंगा पहिल्या बेसवर धावत गेला, सहकाऱ्याचा उंच आलेला चेंडू घेण्यासाठी त्याने उडी मारली आणि मांडीचा स्नायू धरून तो खाली बसला. नातू मला ती उडी पुन्हा पुन्हा दाखवी. एका माणसाच्या एका उडीने दुकान बसते का? बसते, जर दुसऱ्या फळीत कोणी नसेल तर. शॉन मनाया आधीच दुखापतीने बाहेर होता. दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन आणलेला फ्रँकी मोंटास उशिरा आला आणि मार खाऊ लागला. क्ले होम्स हा मुळात अखेरचे डाव टाकणारा. त्याला त्या हंगामात सलामीला आणले होते, त्यामुळे त्याची दमछाक होणारच. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर जवळजवळ दोन महिने एकट्या डेव्हिड पीटरसनखेरीज कोणत्याही सलामीच्या पिचरने सहावा डाव पुरा केला नाही. पाचव्या डावातच मदतनीस धावत येऊ लागले.

३१ जुलै हा खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी माझा मुलगा कामावरून लवकर आला. जुलै महिनाभर तो म्हणत होता की एक तरी सलामीचा पिचर घ्यायलाच हवा. संध्याकाळचे सहा वाजले आणि बाजार बंद झाला. मेट्सने तीन मदतनीस पिचर घेतले, मैदानाच्या मधल्या जागेसाठी एक खेळाडू घेतला. सलामीचा पिचर एकही नाही. भाव फार चढे होते, त्यापायी उमलते तरुण खेळाडू गमवावे लागले असते, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. मला, खरे सांगतो, ते पटले. चढ्या भावाने घाबरून खरेदी करू नये हे मी पोरांना आयुष्यभर सांगत आलो. तसे मी बोलूनही दाखविले.

मुलगा एरवी माझ्यापुढे आवाज चढवीत नाही. त्या दिवशी मात्र तो उठून उभा राहिला. ‘अण्णा, भाव चढा होता हे कारण नव्हे. कमी पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. यांना सांगत होते लोक. वेळेवर का नाही केलं?’

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर डोकावल्या. सौ.नी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसू लागलो. कारण ते शेवटचे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते, शब्दशः, आणि ते बेसबॉलविषयी नव्हते.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, हे आपल्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक असेल. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकले की वर्षानुवर्षे कीड लागत नसे, रंग उतरत नसे. वजनात घट येण्याऐवजी किंचित वाढच मिळे. उघडताना आधी पेटता कंदील आत सोडीत. तो विझला तर माणूस उतरवीत नसत. माझ्या वडिलांनी पेवांवर पेढी उभी केली, मीही तेच केले. २००५ साली चार पेवे आमच्या मालाने भरलेली होती. मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच शिक्षण संपवून पेढीवर बसू लागलेला. बसू लागलेला म्हणजे रोजमेळ लिहिण्यापुरता. सौद्याला मी त्याला उभे केले नव्हते. मे महिन्यात त्याने कागदावर मांडून दाखविले की निम्मा माल शीतगृहात हलवावा, सगळा एके ठिकाणी ठेवू नये. पुराचे भाकीत त्याने केले नव्हते. एवढेच म्हणाला होता की एक जागा गेली तर दुसरी असावी. मी भाडे पाहिले. भाडे चढे वाटले. ‘चाळीस वर्षे पेवांत ठेवतोय, तू काल आलास,’ असे मी म्हणालो, आणि तेही दिवाणजींच्या देखत.

जुलैच्या अखेरीस कृष्णेला पाणी चढले. हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. किती घरांची हळद त्या वेळी चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर पेवाच्या तोंडाशी उभे राहून मुलाने तेच विचारले, ‘वेळेवर का नाही केलं?’ मी उत्तर दिले नाही. देणी फेडायला पाच वर्षे लागली. तो पुढल्या वर्षी अमेरिकेला गेला. तो शिकायला गेला असे मी सर्वांना सांगत आलो, आणि ते खोटेही नव्हते.

ऑगस्टमध्ये मेट्स उताराला लागले. सोळा तारखेला खालच्या संघातून नोलन मॅकलीन या तरुणास वर आणले आणि त्याने पहिल्याच सामन्यात आठ फलंदाज बाद करून एकही धाव दिली नाही. पुढे आठ सामन्यांत त्याची सरासरी २.०६ राहिली. चाहत्यांना आनंद व्हावा, तर संताप दुप्पट झाला: हा पोरगा हाताशी तयार होता, मग जुलैत का आणला नाही? आधी काम सोपवून पाहिल्याशिवाय ‘तयार नाही’ असे कशावरून ठरविले? मुलगा आणि नातू यावर तासन् तास वाद घालीत. मी त्या वादात भाग घेत नसे.

१२ सप्टेंबरला आम्ही तिघे प्रत्यक्ष सिटी फील्डवर गेलो. एडिसनहून रेल्वेने न्यूयॉर्क, तेथून सात क्रमांकाच्या जांभळ्या खुणेच्या गाडीने क्वीन्स. सौ.नी भडंगाची पिशवी दिली होती. समोर टेक्सासचा संघ होता आणि चेंडू टाकणार होता जेकब डीग्रॉम. होय, तोच. संघ सोडल्यानंतर या मैदानावर तो प्रथमच टाकीत होता. लोकांनी उभे राहून त्याला टाळ्या दिल्या; माझा मुलगाही उभा राहिला. ‘हा तर सोडून गेला ना?’ मी विचारले. तो म्हणाला, ‘गेला. पण होता तोवर त्यानं काही कमी केलं नव्हतं. कमी आमच्याकडून पडलं.’ आणि त्याने ‘आमच्याकडून’ म्हटले, हे माझ्या कानात राहिले.

मेट्सकडून जोना टाँग हा बावीस वर्षांचा मुलगा टाकीत होता. त्याचा तिसराच सामना. पहिला डाव संपण्यापूर्वी त्याने सहा धावा दिल्या आणि त्याला काढून घेतले. मान खाली घालून तो चालत गेला. आमच्या रांगेत शेजारी एक वयस्क स्त्री बसल्या होत्या, अंगात जुना, विटलेला मेट्सचा सदरा. त्या पोराला त्या काही बोलल्या नाहीत. वर काचेआड अधिकारी बसतात त्या दिशेला हात करून मात्र बरेच काही बोलल्या; नातवाने भाषांतर करण्याचे नाकारले. डीग्रॉमने सात डाव टाकले. मेट्स ८-३ असे हरले. मी त्या बाईंना भडंग दिले. त्यांनी ते फार तिखट असल्याचे सांगितले आणि सगळे संपविले.

शेवटचा सामना २८ सप्टेंबरला मायामीत होता, पुन्हा मार्लिन्सशीच. २००७ आणि २००८ मध्येही शेवटच्या दिवशी याच संघाने मेट्सला बाहेर काढले होते. जागेसाठी स्पर्धा करणारा सिनसिनाटी संघ त्याच दुपारी हरला, म्हणजे मेट्स जिंकले असते तर पुढे गेले असते. ते ४-० असे हरले. ८३ विजय, ७९ पराभव. सिनसिनाटीचेही तेवढेच, पण बरोबरीच्या नियमाने जागा त्यांना मिळाली. जून महिन्यातील त्या दिवसानंतर ३८ जिंकले आणि ५५ गमावले, असा हिशेब नातवाने भिंतीवरील तक्त्यावर लिहून ठेवला व टोपी काढून कपाटात ठेवली. तो रडला नाही. मुलगा बराच वेळ बंद संचाकडे पाहत बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन पुढे केला. मालक कोहेन यांनी चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली होती. तुम्ही मैदानावर येऊन तुमची बाजू पाळली, आम्ही आमची पाळली नाही, असा आशय. त्या हंगामात तीस लाखांहून अधिक लोक मैदानावर गेले होते. मुलगा म्हणाला, ‘याने काय होणार आहे? पिचर आणा म्हणावं.’ पण तो मजकूर त्याने दोनदा वाचलेला मी पाहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कोण कुठला तो मालक, अब्जावधींचा धनी. ज्यांची तोंडे कधी पाहणार नाही अशा लोकांपुढे त्याने आपली चूक मान्य केली. माझ्या पेढीचा तर एकच माणूस होता, आणि तो शेजारच्या खोलीत झोपला होता.

सकाळी तो डबा भरीत असताना मी म्हणालो, ‘पेवांचं तुझं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं.’ एवढेच बोललो. आणखीही बोलायचे ठरविले होते, ते आठवले नाही.

त्याने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. ‘अण्णा, किती पोती होती हो?’

‘अकराशे चाळीस.’

‘मी हजारच धरून चाललो होतो,’ तो म्हणाला. ‘इतकी वर्षं.’ मग घड्याळ पाहून निघाला, दारातून परत आला आणि म्हणाला, ‘संध्याकाळी बसू. मला सगळं सांगा, कुणाचं किती होतं ते. दिवाणजींचंही.’

दिवाळीपूर्वी आम्ही परतलो. आता दर रविवारी फोन येतो. फेब्रुवारीत पिचर मंडळी फ्लोरिडातील पोर्ट सेंट लूसी येथे सरावाला जमतात. नातवाने ती तारीख माझ्याही दिनदर्शिकेवर लिहायला लावली आहे. मॅकलीन पहिल्यापासून पाळीत असावा असे आम्हा तिघांचे मत पडले आहे. अजून एक अनुभवी पिचर घ्यावा की नाही, यावर मात्र माझे आणि मुलाचे जमत नाही. मी म्हणतो, भाव बघून.